नागार्जुनसागरच्या वाटेवर पाण्याचे थेंब मोजताना

हैदराबादेत एक जुनं बोलणं आहे. ज्यानं गंडीपेटचं पाणी प्यायलं, तो हे शहर सोडून जात नाही. काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हे वाक्य आजोबांच्या तोंडून ऐकलेलं असेल. नोकरीसाठी दोन वर्षं म्हणून आलेली मराठी घरं इथे चार-चार पिढ्या राहिली, त्याचं खापर सगळ्यांनी मिळून या पाण्यावर फोडलं.

गंडीपेट म्हणजे उस्मानसागर. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला आणि शहराची दैना झाली. पुन्हा तसं होऊ नये म्हणून निजाम सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावलं, आणि त्यांच्या योजनेतून 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर उभा राहिला. शहर वाढत गेलं तसं हे पाणी पुरेना. मग मांजरा आली, नंतर कृष्णा आली, त्यानंतर गोदावरी. गंमत बघा, मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात, कृष्णा महाबळेश्वरला आणि गोदावरी त्र्यंबकेश्वरला. आपल्या नळाला माहेरचंच पाणी येतं म्हणायचं!

पण आता नळाचं पाणी ही आपल्या घरातल्या पाण्याची एक जात झाली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडे नळाचं एक, बोअरचं दुसरं, उन्हाळ्यात टँकरचं तिसरं आणि आरओ मशीनमधून आलेलं चौथं. आमच्या सोसायटीत या हिवाळ्यात एक सूचना लागली. उन्हाळ्यात टँकरचा खर्च फार होतो, तेव्हा बोअरचं पाणी पिण्याच्या टाकीला जोडावं. पाण्याची तपासणी झाली आहे, पीएच 7.4 आहे, म्हणजे पाणी नॉर्मल आहे. त्याच आठवड्यात एका नातेवाइकांकडे आम्हाला ‘अल्कलाइन’ पाणी देणारं मशीन दाखवण्यात आलं. त्याची किंमत ऐकून माझ्या सासूबाईंनी हातातला ग्लास जपून खाली ठेवला.

एकीकडे पीएच नॉर्मल म्हणून पाणी चांगलं, दुसरीकडे पीएच जास्त म्हणून पाणी अधिक चांगलं. आणि सोसायटीच्या तपासणी अहवालात पीएचच्या खाली आणखी एक ओळ होती, जिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं: टोटल अल्कलिनिटी. ‘अल्कलाइन’ आणि ‘अल्कलिनिटी’ हे शब्द इतके सारखे आहेत की दोन्ही एकच असं वाटणं साहजिक आहे. ते एक नाहीत.

जानेवारीत आम्ही दोन दिवसांसाठी नागार्जुनसागरला जायचं ठरवलं. आम्ही दोघं, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. त्याच्याकडे माशांची टाकी आहे, त्यामुळे घरात पीएच मोजायचं पेन होतं आणि अल्कलिनिटी मोजायचा थेंबांचा संचही होता. मत्स्यालयाच्या दुकानात तो सहज मिळतो. दोन्ही पिशवीत टाकले आणि वाटेत जिथे पाणी दिसेल तिथे मोजायचं ठरलं. प्रयोगशाळेची अचूकता त्यात नाही, पण फरक कळायला तेवढं पुरतं.

मराठी शाळेत पीएचला ‘सामू’ म्हणतात, आणि अल्कलिनिटीला अल्कता म्हणता येईल. सामू म्हणजे आत्ता या क्षणी पाणी किती आम्ल किंवा किती अल्क आहे याचं माप. सात म्हणजे मधोमध, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. ही कल्पना सोरेन्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं 1909 मध्ये मांडली. त्यात एक अंक उतरणं म्हणजे आम्लपणा दहापट वाढणं.

अल्कता हे वेगळं माप आहे. पाण्यात आम्ल टाकत गेलं तर ते किती पचवू शकतं, याचा तो हिशोब. हे काम मुख्यतः पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट करतं. आमच्या संचात छोट्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं आणि थेंब टाकत जायचं. पाणी आधी निळं होतं. एका थेंबाशी ते एकदम पिवळं होतं. जितके थेंब लागले, तितकी अल्कता. एक थेंब म्हणजे लिटरमागे साधारण 18 मिलिग्रॅम. अहवालात हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत लिहितात, पण पाण्यात तेवढा चुना आहे असा त्याचा अर्थ नव्हे. ते फक्त मोजण्याचं एकक आहे.

निघायच्या आदल्या रात्री घरातली सगळी पाणी मोजून झाली. नळाच्या पाण्याचा सामू 7.6, थेंब आठ. बोअरचं पाणी ताजं काढलं तेव्हा सामू 7.2, थेंब एकोणीस. आरओच्या पाण्याचा सामू 6.2, आणि तिथे पहिल्याच थेंबाला रंग पिवळा. बोअरचं पाणी बादलीत तसंच ठेवलं होतं. सकाळी निघताना पुन्हा मोजलं तर सामू 8.1 झालेला. मुलगा म्हणाला, “आई, पाणी बदललं!” थेंब टाकले तर ते पुन्हा एकोणीसच.

पहिला धडा इथेच मिळाला. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, सोडावॉटरमध्ये असतो तसा, फक्त कमी. पाणी वर आलं की तो हळूहळू उडून जातो, आणि तो गेला की सामू चढतो. पण बायकार्बोनेट उडून जात नाही. म्हणून एकाच बादलीतल्या पाण्याचा सामू रात्री वेगळा आणि सकाळी वेगळा, पण अल्कता तीच. ज्या आकड्यावर सोसायटी निर्णय घेणार होती, तो आकडा बादली किती वेळ उघडी होती यावर हलत होता.

सागर रस्त्यानं इब्राहिमपट्टणम सोडलं की शहर संपतं. इडलीसाठी थांबलो तिथे सासूबाईंनी विचारलं, “म्हणजे नक्की काय गं, दोन्ही एकाच पाण्याचे आकडे ना?” त्यांना मी आंघोळीच्या पाण्याचं उदाहरण दिलं. एका वाटीत उकळतं पाणी आहे आणि एका हंड्यात नुसतं कोमट. बोट घातलं तर वाटीतलं पाणी जास्त गरम. पण दोन्हींत तांब्याभर गार पाणी ओतलं तर? वाटी लगेच गार पडेल, हंड्याला पत्ताही लागणार नाही. सामू म्हणजे बोटाला लागणारा चटका. अल्कता म्हणजे हंड्यात साठलेली ऊब. त्या म्हणाल्या, “मग त्यांच्या त्या मशीनमधली वाटीच आहे की!”

त्यांनी बरोबर ओळखलं होतं. नातेवाइकांकडच्या मशीनचं पाणी मी बाटलीत भरून आणलं होतं. सामू 9.4, पण थेंब नऊ. साध्या नळाच्या पाण्याला आठ लागले होते. म्हणजे चटका खूप वाढला, ऊब जवळजवळ तेवढीच. हिशोब केला तर आणखी गंमत. पोटातलं आम्ल फार तीव्र असतं. त्याचा सामू दोन धरला, तर सामू 9.5 असलेलं ग्लासभर पाणी केवळ त्या सामूच्या बळावर एक मिलिलिटर आम्लही शमवू शकत नाही. उलट ग्लासभर साध्या नळाच्या पाण्यातलं बायकार्बोनेट सुमारे 70 मिलिलिटर शमवतं, आणि त्याचा आपण कधी गाजावाजा केला नाही. पोट लगेच नवं आम्ल तयार करतं, ते निराळंच. रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 च्या दरम्यान राहतो, तो फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि रक्तातलं स्वतःचं बायकार्बोनेट सांभाळतं. रक्तालाही सामू टिकवायला आपली अल्कता लागते. ती बाटलीतून विकत आणावी लागत नाही.

पुढचा रस्ता सुंदर आहे. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे प्रचंड गोल धोंडे, कुणीतरी एकावर एक रचून ठेवल्यासारखे. मध्ये ताडाची झाडं, कापसाची शेतं आणि नलगोंडा जिल्हा लागला की मोसंबीच्या बागा. हे धोंडे नुसते बघायचे नसतात, हे मला या प्रवासात कळलं. आपण जे बोअरचं पाणी पितो, ते याच दगडाच्या भेगांतून आलेलं असतं.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली उतरतं, त्यामुळे ते किंचित आम्ल असतं. ते दगडाला हळूहळू खातं. दगड त्याला सोडियम, कॅल्शियम देतो आणि त्या व्यवहारात पाण्यात बायकार्बोनेट तयार होतं. पाणी जितका काळ दगडात मुरलं, तितका हा साठा वाढण्याची शक्यता जास्त. दगड कुठला, हेही महत्त्वाचं. दिवाळीत महाबळेश्वरला गेलो होतो तेव्हा पंचगंगेच्या देवळात, जिथे कृष्णेचा उगम मानतात, तिथलं पाणी मुलानं हौसेनं मोजलं होतं. सामू 6.1 आणि दुसऱ्या थेंबाला पिवळं. तिथल्या जांभ्या दगडातून हजारो वर्षांच्या पावसानं देण्यासारखं सगळं आधीच धुऊन नेलेलं आहे. पाण्यानं तरी घ्यायचं काय? अल्कता म्हणजे एक प्रकारे पाण्याच्या प्रवासाची नोंदवही आहे. सामू त्या वहीचं फक्त आजचं पान.

मल्लच्या पुढे आम्ही हमरस्ता सोडून मर्रिगुडा मंडळाच्या बाजूला वळलो. नलगोंडा हे नाव जगभरच्या पाणीतज्ज्ञांना ठाऊक आहे आणि त्याचं कारण चांगलं नाही. इथल्या भूजलात फ्लोराइड आहे. भारतात हाडांच्या फ्लोरोसिसची पहिली शास्त्रीय नोंद 1937 मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लूर जिल्ह्यातून झाली. नलगोंड्यातल्या या गावांनी तोच आजार पिढ्यान् पिढ्या सोसला. लहानपणी दात पिवळे-तपकिरी, डागाळलेले. नंतर सांधे आखडणं, मान वळेनाशी होणं, पाठीत बाक, पाय वाकडे.

एका वस्तीजवळ लाल रंग मारलेला जुना हातपंप दिसला. लाल म्हणजे पिऊ नका. शेजारच्या घराच्या ओट्यावर एक आजी बसल्या होत्या. इकडे वयस्क बाईला ‘अव्वा’ म्हणतात. त्यांना तेलुगूत विचारलं, “अव्वा, थोडं पाणी तपासायला घेऊ का?” त्या हसल्या. “घे की. म्हशींना आणि कपड्यांना वापरतो आम्ही. प्यायला नळाचं येतं आता.” त्या उठल्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यांकडे माझं लक्ष गेलं आणि मी नजर वळवली.

पंप मारला. पाणी काचेसारखं स्वच्छ. वास नाही. पेन बुडवलं: 7.6. आमच्या घरच्या नळाचा आकडा, तोच. मुलगा थेंब टाकू लागला. आठ झाले, दहा झाले, पंधरा झाले. तो मोठ्यानं मोजत होता आणि वस्तीतली तीन-चार मुलं त्याच्याबरोबर तेलुगूत मोजू लागली. चोविसाव्या थेंबाला पाणी पिवळं झालं. लिटरमागे जवळपास 430.

सामू सारखाच, आणि अल्कता तिप्पट. पेनानं ही दोन पाणी एकसारखी ठरवली असती.

अव्वा म्हणाल्या, “आमचं पाणी कधी कडू नव्हतं. खारटही नव्हतं फार. पाहुणे यायचे, पिऊन जायचे.” ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. वाईट पाणी गढूळ असतं, त्याला वास येतो, असं आपण मानतो. हे पाणी दिसायला आणि चवीला कुणाचंही असू शकलं असतं.

आता अल्कतेचा आणि फ्लोराइडचा संबंध काय? अल्कता स्वतः विष नाही. भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 नुसार, पिण्याच्या पाण्यात ती 200 पर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. सामू 6.5 ते 8.5 असावा आणि त्यात सूट नाही. फ्लोराइड 1.0 पर्यंत असावं, नाइलाज असेल तर 1.5. अडचण अशी की ग्रॅनाइटमध्ये फ्लोराइड असलेली खनिजं असतात. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला फार विरघळू देत नाही, धरून ठेवतं. पण पाण्यात सोडियम बायकार्बोनेट साठत गेलं की कॅल्शियम चुन्याच्या रूपानं खाली बसतं. शेतात आपण ज्याला चुनखडीचे खडे म्हणतो, ते तसेच बनतात. कॅल्शियम गेलं की फ्लोराइडचा पहारा उठतो.

म्हणून भूजलाच्या अहवालात दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत: अल्कता आणि कठीणपणा, म्हणजे टोटल हार्डनेस. दोन्ही एकाच एककात लिहिलेले असतात. अल्कता कठीणपणापेक्षा बरीच जास्त असेल तर समजायचं की पाण्यात सोडियम बायकार्बोनेट आहे. ग्रॅनाइटच्या मुलखात तो इशारा आहे. पुरावा नव्हे, इशारा. त्यानंतर फ्लोराइडची तपासणी करायलाच हवी.

हमरस्त्याला परत लागलो आणि कोदंडपूर आलं. सागरच्या जलाशयातून उचललेलं कृष्णेचं पाणी अक्कमपल्लीच्या तलावात येतं, इथे शुद्ध होतं आणि शंभराहून अधिक किलोमीटर नळातून हैदराबादला जातं. कृष्णेच्या पाण्याचा पहिला टप्पा शहरात 2004 मध्ये पोहोचला. त्या वेळी या जिल्ह्यातली कित्येक गावं बोअरचंच पाणी पीत होती. राग आधीपासूनच होता. 1996 च्या लोकसभा निवडणुकीत पाण्याच्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी नलगोंडा मतदारसंघातून एकूण 480 उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेचं अक्षरशः पुस्तक करावं लागलं आणि मतदान पुढे ढकलावं लागलं. 2016 मध्ये सुरू झालेल्या मिशन भगीरथ योजनेनंतर नळाचं पाणी या वस्त्यांपर्यंत आलं. अव्वांच्या घरचा नळ तोच.

मधल्या काळात नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेनं 1970 च्या दशकात एक स्वस्त उपाय काढला. पाण्यात चुना आणि तुरटी घालायची, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा. त्या गाळाबरोबर बरंचसं फ्लोराइड निघून जातं. हीच ‘नलगोंडा पद्धत’, आणि ती पुढे परदेशांतही वापरली गेली. आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुरटी किती घालायची याचा तक्ता. तो फ्लोराइड आणि अल्कता या दोन आकड्यांवर बनवलेला आहे. तुरटी पाण्यातली अल्कता खाते. एक मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम. अल्कता पुरेशी नसेल तर सामू कोसळतो आणि गाळ नीट धरत नाही. मग आधी चुना घालून ती वाढवावी लागते. जलशुद्धीकरण केंद्रांतही हेच. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की तुरटी जास्त लागते, आणि पावसानं पातळ झालेल्या पाण्यात अल्कता नेमकी कमी असते. पाण्यावर खरंच काम करणारे लोक दोन्ही आकडे बघतात.

संध्याकाळी सागरला पोहोचलो. 10 डिसेंबर 1955 रोजी पंडित नेहरूंनी पायाभरणी केलेलं आणि 1967 मध्ये कालव्यांत पाणी सोडलेलं हे धरण दगडी बांधणीचं आहे. 124 मीटर उंच, 26 दरवाजे. हजारो मजुरांनी दगडावर दगड ठेवून बांधलेलं. जलाशयात बुडणाऱ्या इक्ष्वाकूंच्या राजधानीतले, विजयपुरीतले बौद्ध अवशेष आधीच उकरून वर टेकडीवर नेऊन ठेवले. ती टेकडी आता नागार्जुनकोंडा नावाचं बेट आहे आणि लाँचनं तिथे जाता येतं. सासूबाई संग्रहालयातल्या एका शिल्पासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मला मात्र महाबळेश्वरला दोन थेंबांत पिवळं झालेलं पाणी इतकी वाट चालून कसं झालं असेल, याची उत्सुकता होती.

सकाळी सात वाजता काठावरच्या पाण्याचा सामू 7.8 आला. दुपारी तीन वाजता त्याच जागी 8.4. उन्हात पाण्यातलं शेवाळ कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं, म्हणून दिवसा सामू चढतो आणि रात्री उतरतो. थेंब दोन्ही वेळा आठ. घरच्या नळाला लागले होते तेवढेच. सह्याद्रीच्या काळ्या कातळातून आणि दख्खनच्या मातीतून नदीनं जेवढं गोळा केलं, तेवढं माफक. इथल्या खोल भेगांत अडकून राहिलेल्या पाण्याच्या एक तृतीयांश. मुलानं वहीत लिहिलं, ‘कृष्णा = 8’. मला ते फार आवडलं.

परत आल्यावर सोसायटीचा अहवाल पुन्हा काढला. सामू 7.4. कठीणपणा 220. अल्कता 370. फ्लोराइडची ओळच नाही, कारण ती तपासणी मागितलीच नव्हती. बैठकीत मी हे तीन आकडे फळ्यावर लिहिले आणि नलगोंड्याचा हातपंप सांगितला. एक काका म्हणाले, “अहो, पण आरओ आहे ना प्रत्येकाकडे!” आरओ फ्लोराइड बरंच कमी करतं, हे खरं. पण वॉचमनच्या खोलीत आरओ नाही. घरकामाला येणाऱ्या बायका बाटल्या भरून नेतात त्या नळावर नाही. आणि लहान मुलांचे पक्के दात हिरड्यांत तयार होत असतात, तेव्हाच फ्लोराइड त्यांना लागतं. डाग नंतर दिसतात. सेक्रेटरी साहेबांनी दुसऱ्याच दिवशी नमुना पाठवला. फ्लोराइड 1.8 आलं. बोअर पिण्याच्या टाकीला जोडायचं रद्द झालं. ते पाणी आता बागेला, फ्लशला आणि गाड्या धुवायला जातं. टँकरचा खर्च अर्थातच उन्हाळ्यात पुन्हा अंगावर येणार आहे, त्यावर अजून वाद चालू आहे.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी बोअर आहे, हैदराबादेत, सिकंदराबादेत, गावाकडच्या शेतावरही. त्यांच्यासाठी थोडं कामाचं लिहिते.

अल्कता जास्त आहे का, याचा अंदाज स्वयंपाकघरात येतो. असं पाणी उकळलं की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि सामू चढतो, म्हणून भात पिवळसर दिसतो, चहा काळपट आणि बेचव होतो. गोकर्णाची फुलं असतील तर मुलांसोबत एक प्रयोग करा. गरम पाण्यात फुलं टाकली की निळा रंग उतरतो. तो थोडा आरओच्या पाण्यात आणि थोडा बोअरच्या पाण्यात घाला आणि दोन्ही ग्लासांत लिंबाचे थेंब टाकत जा. आरओचं पाणी एक-दोन थेंबांत जांभळं होतं. आमच्या बोअरच्या पाण्यानं पंचविसाच्या पुढे थेंब घेतले. तोवर ते शांतपणे निळंच होतं.

पण हा खेळ तपासणीची जागा घेऊ शकत नाही. फ्लोराइड चवीनं कळत नाही, रंगानं कळत नाही, पेनानंही कळत नाही. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे थोडं वाढतंच. प्रयोगशाळेत नमुना देताना सामू, अल्कता, कठीणपणा आणि फ्लोराइड ही चारही नावं कागदावर स्वतःच्या हातानं लिहा. जे मागाल तेवढंच तपासून मिळतं. अहवाल आला की पहिल्या ओळीवर थांबू नका, आणि कुणी ‘पीएच नॉर्मल आहे’ म्हणालं, तर पुढच्या तीन ओळी वाचून दाखवायला सांगा.